शेवटच्या सेक्टरवर कोणाचा हक्क?

चिंचपोकळीत ‘पार्टिशन’ हा शब्द कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी पोचला. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. धाकट्याचं लग्न ठरलं की सुतार यायचा, प्लायवूडचं पार्टिशन उभं राहायचं आणि आरसा कुठे टांगायचा यावरून घरात धुसफूस सुरू व्हायची. पार्टिशनवर टांगला तर पार्टिशन सरकवताना तो उतरवावा लागणार. भिंतीवर टांगला तर पार्टिशन नेमकं त्याच्या आडवं येणार. आधी काय आणि कशाच्या आधारावर काय, हे ठरल्याशिवाय खिळा ठोकायचा नसतो.

डिस्कचं भांडणही याच जातीचं आहे. मिररिंग म्हणजे लिहिलेली प्रत्येक गोष्ट एकाच वेळी दोन डिस्कांवर उमटवणं, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी राहते. पार्टिशनिंग म्हणजे एका डिस्कचे भाग पाडणं, आपल्या ओळखीचे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह. दोन्ही गोष्टी सुट्या घेतल्या तर कॉलेजातला मुलगाही अर्ध्या तासात करून देईल. एकत्र आल्या की मात्र एके दिवशी सकाळी डी ड्राइव्ह गायब असतो, किंवा मशीन चालूच होत नाही. सर्वांत वाईट प्रकार असा, की सगळं सुरळीत चालू दिसतं आणि दोन डिस्कांवर दोन वेगळे इतिहास साठत जातात.

चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकीच्या गाळ्यांत आणि तळमजल्यांवर डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओ, हिशेबनीस असे छोटे व्यवसाय दाटीने बसलेले आहेत. सर्व्हर वगैरे कुणाकडे नसतो. एक जाडजूड डेस्कटॉप असतो, त्यात कुणीतरी कधीतरी दोन डिस्का घालून ‘मिरर करून दिलाय’ असं सांगितलेलं असतं. कसा करून दिलाय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. आणि डिस्क बिघडते ती गणपतीच्या आधीच्या महिन्यात. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीचं मंडळ १९२० सालचं. त्याच्यासारख्या थोरल्या मंडळांपासून गल्लीतल्या बाळगोपाळ मंडळापर्यंत सगळ्यांचे अहवाल, पावतीपुस्तकं, बॅनर त्याच महिन्यात छापायचे असतात, म्हणून तसं वाटत असावं.

या भांडणाचं मूळ दोन वेगळ्या घराण्यांत आहे. मिररिंग वाढलं मोठ्या यंत्रांत. टँडेम कंपनीची न थांबणारी यंत्रं १९७०च्या दशकापासून डिस्कांच्या जोड्या वापरत होती. पुढे १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी आपल्या निबंधात या सगळ्या प्रकारांना ‘रेड’ हे नाव आणि क्रमांक दिले, त्यात मिररला पहिला क्रमांक मिळाला. पार्टिशनचं टेबल मात्र टेबलावरच्या पीसीचं अपत्य. १९८३मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची डिस्क आली आणि पीसी डॉस २.० बरोबर तिचे भाग पाडायची सोय आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६व्या बाइटपासून ६४ बाइटची जागा, त्यात १६-१६ बाइटच्या चार नोंदी. चारच पार्टिशनं का, तर तेवढीच जागा होती म्हणून. याला एमबीआर म्हणतात. या नोंदीत सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा असतो, त्यामुळे २ टेराबाइटच्या पुढे तिचा हात पोचत नाही.

एमबीआरला डिस्कचं डोकं लागे, शेपटाशी त्याचं काही काम नव्हतं. मिरर लिहिणाऱ्यांनी ते हेरलं. मिररलाही स्वतःची एक नोंद ठेवावी लागते: मी कुठल्या जोडीचा, माझा जोडीदार कोण, शेवटचा हिशेब कधी जुळला. ती डोक्याशी ठेवली तर मशीन चालू करणाऱ्या बायोसला डिस्क ओळखता येणार नाही आणि मशीन चालू होणार नाही. शेवटी ठेवली तर पुढून पाहणाऱ्याला डिस्क अगदी साधी दिसते, आणि मिररचं नावही न ऐकलेला बायोस दोघींपैकी कुठल्याही डिस्कवरून मशीन चालू करू शकतो. युक्ती चतुर होती आणि वीसेक वर्षं निभावली.

मग जीपीटी आलं. इंटेलच्या ईएफआय या नव्या फर्मवेअरबरोबर आलेलं हे पार्टिशन टेबल २ टीबीची भिंत पाडतं, १२८ पार्टिशनं ठेवू देतं, आणि खबरदारी म्हणून आपली दुसरी प्रत ठेवतं. कुठे? डिस्कच्या अगदी शेवटी. शेवटच्या सेक्टरमध्ये प्रतीचा मथळा, त्याच्या आधीच्या ३२ सेक्टरांत नोंदी. एकूण ३३ सेक्टर, साडेसोळा केबी.

चाळीत राहिलेल्यांना गॅलरीचं टोक आठवेल. शेवटच्या खोलीपुढची ती जागा रिकामी दिसते, म्हणून एक जण पिंप ठेवतो, दुसरा सायकल, तिसरा गाद्यांचं कपाट. प्रत्येकाला वाटतं, इथे दुसरं कुणी येत नाही. डिस्कचं शेपूट म्हणजे तसलं टोक. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा जीमिरर हा २००४चा मिरर आपली नोंद नेमकी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतो, जिथे जीपीटीच्या प्रतीचा मथळा असतो. सर्व्हरच्या रेड कार्डांसाठी ठरलेल्या डीडीएफ या पद्धतीची खूणही शेवटच्याच सेक्टरमध्ये असते. इंटेलच्या मदरबोर्डवरच्या रेडची नोंद शेवटून दुसऱ्यात सापडते. लिनक्सच्या एमडी या मिररच्या नोंदीची १.० ही आवृत्ती शेवटापासून ८ ते १२ केबी आत, म्हणजे सोळाव्या ते चोविसाव्या सेक्टरच्या आसपास बसते, जीपीटीच्या ३३ सेक्टरांच्या ऐन मध्यात. तिची जुनी ०.९० आवृत्ती ६४ ते १२८ केबी आत असल्याने थेट धडक टळते. विंडोजच्या डायनॅमिक डिस्कला एमबीआर असेल तर शेवटचा पूर्ण १ एमबी लागतो. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात या टकरीबद्दल सरळ लिहिलेलं आहे: जीपीटी असलेली अख्खी डिस्क जीमिररला देऊ नका. इतका स्पष्ट इशारा इतरत्र मला फारसा आढळला नाही.

ही टक्कर पहिल्याच दिवशी होत नाही. समजा, दोन अख्ख्या डिस्कांचा मिरर केला आणि मिररच्या आत जीपीटी घातलं. मिरर आपली नोंद राखून उरलेली जागा पुढे करतो, त्यामुळे जीपीटीची प्रत मिररच्या शेवटी, म्हणजे खऱ्या डिस्कच्या शेवटाच्या किंचित अलीकडे बसते. सगळं ठीक. पण एखाद्या दिवशी कुणी मिरर न बघता नुसत्या डिस्ककडे पाहतो. लिनक्सचा कर्नल कुरकुरतो, की जीपीटीची प्रत डिस्कच्या टोकाला नाही. पार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम अदबीने विचारतो, ‘फिक्स’ करू का? हो म्हटलं की तो प्रत उचलून खऱ्या टोकाला नेऊन ठेवतो. तिथे मिररची नोंद होती. पुढच्या रीस्टार्टला मिररमधून एक डिस्क गळालेली असते. माणूस प्रामाणिकपणे दुसऱ्या डिस्कवरही तोच उपाय करतो, आणि आता मिररच उरत नाही. माहिती मात्र जागेवर शाबूत असते, दोन जुळ्या डिस्कांवर एकसारखी ओळख घेऊन. कॉम्प्युटर त्यातली जी आधी सापडेल ती उघडतो.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महागडा शब्द ‘फिक्स’ हाच. प्रोग्राम खोटं बोलत नसतो. त्याला फक्त आपल्या मजल्यावरचं दिसतं, खालच्या मजल्यावर कोण राहतं याची त्याला खबर नसते.

म्हणून पहिला प्रश्न मजल्यांचा. खाली मिरर आणि वर पार्टिशनं, की खाली पार्टिशनं आणि प्रत्येक पार्टिशनाचा वेगळा मिरर? पहिल्या रचनेत डिस्क बदलणं सोपं जातं. नवी कोरी डिस्क लावली की सगळं, पार्टिशन टेबलासकट, तिच्यावर उतरतं. पण मशीन चालू करणाऱ्या फर्मवेअरपासून दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक सीडीपर्यंत सगळ्यांना मिरर समजला पाहिजे, नाहीतर वरचा प्रसंग ठरलेला. वेगळं रेड कार्ड असेल तर ही अडचण येत नाही, कारण कार्ड आपली नोंद लपवून कॉम्प्युटरला एकच डिस्क दाखवतं. मदरबोर्डवरच्या रेडला मात्र मी अर्धवट रेडच म्हणेन. खरं काम ड्रायव्हर करतो, आणि ड्रायव्हर नसला की दोन्ही डिस्का उघड्या पडतात.

दुसऱ्या रचनेत शेपटाचं भांडण संपतं, कारण मिररची नोंद पार्टिशनाच्या हद्दीत राहते आणि जीपीटीची प्रत हद्दीबाहेर. छोट्या ऑफिसांना मी हीच सुचवतो. तिची गोम वेगळी आहे: पार्टिशन टेबलाचा स्वतःचा मिरर होत नाही. नवी डिस्क आणून लावली तर तिच्यावर आधी तेच भाग हाताने पाडावे लागतात, मग एकेक मिरर भरावा लागतो. टेबल एका डिस्कवरून दुसरीवर उतरवण्यासाठी एसजीडिस्क नावाचा प्रोग्राम आहे, आणि त्याच्या आज्ञेत जिच्यावर उतरवायचं ती डिस्क आधी लिहायची, जिच्यावरून उतरवायचं ती शेवटी. आपण ‘इथून तिथे’ म्हणतो, हा ‘तिथे इथून’ म्हणतो. उलट लिहिलं की कोऱ्या डिस्कचा कोरेपणा चांगल्या डिस्कवर उतरतो. असं झालंच तर मशीन बंद करू नका. पार्टिशनं वापरात असतील तर कर्नलच्या स्मृतीत जुन्या हद्दी अजून असतात. प्रत्येक पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, ते ‘सिस’ (/sys) या फोल्डरात वाचता येतं, आणि तेच आकडे घालून टेबल परत लिहिता येतं. रीस्टार्ट केलात तर मग टेस्टडिस्कसारख्या प्रोग्रामने अख्खी डिस्क चाचपत हद्दी शोधायच्या. सापडतात बहुधा, पण वेळ लागतो. उतरवलेल्या टेबलाबरोबर ओळखक्रमांकही जसेच्या तसे येतात, तेही बदलून घ्यावे लागतात.

लिनक्सच्या जुन्या ०.९० नोंदीचा एक घोटाळा इथेच सांगायला हवा. शेवटचं पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत ताणलेलं असेल तर नोंद अशा जागी पडते, की ती त्या पार्टिशनाची की अख्ख्या डिस्कची, हे तिच्याकडे पाहून ठरवता येत नाही. मिरर सांभाळणारा एमडीएडीएम हा प्रोग्राम तसा इशाराही देतो, दोन्हींच्या नोंदी फार सारख्या दिसताहेत म्हणून. उपाय स्वस्त आहे: टोकाला थोडी जागा सोडायची. किंवा १.२ आवृत्ती वापरायची, जिची नोंद सुरुवातीपासून ४ केबीवर असते.

विंडोजमध्ये भांडणाची भाषा बदलते. तिथे मिररसाठी लागणारी डायनॅमिक डिस्क विंडोज २००० बरोबर आली. एमबीआरची डिस्क डायनॅमिक करायला गेलं की कधीकधी ‘पुरेशी जागा नाही’ असं उत्तर येतं, आणि समोर तर अर्धा डी ड्राइव्ह रिकामा दिसत असतो. जागा ड्राइव्हच्या आत नको असते, डिस्कच्या टोकाला मोकळा १ एमबी हवा असतो. शेवटचा ड्राइव्ह थोडा आकसला की काम होतं. दुसरं दुखणं म्हणजे विंडोज मिरर करते तो एकेका ड्राइव्हचा. विंडोज ७ आपली चालू होण्याची सामग्री १०० एमबीच्या एका छुप्या पार्टिशनात ठेवते. सी आणि डीचा मिरर केला, ते छुपं राहून गेलं, आणि पहिली डिस्क मेली की दुसरीवर सगळी माहिती असूनही मशीन चालू होत नाही. मालक म्हणतो, मिररचा काय उपयोग झाला? रास्त प्रश्न आहे. विंडोज ८पासून स्टोरेज स्पेसेस हा नवा मार्ग आहे आणि डायनॅमिक डिस्कला मायक्रोसॉफ्टने निरोप दिला आहे, अपवाद फक्त ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालू होते त्याच्या मिररचा.

चालू होण्याचं दुखणं लिनक्सलाही आहे. लिनक्स चालू करून देणारा ग्रब हा प्रोग्राम पहिल्या डिस्कवर बसवतात आणि दुसरीवर विसरतात. दोन्हींवर बसवा, आणि एकदा पहिलीची केबल काढून मशीन चालू होतं का ते बघा. ही चाचणी करणारे फार थोडे.

आपल्या भागात जुनी मशीन्स हौसेपोटी टिकलेली नाहीत. पेजमेकरमध्ये जुन्या मराठी फॉण्टांत केलेल्या वर्षानुवर्षांच्या फाइली पडून आहेत, त्या उघडायच्या तर एक्सपी किंवा विंडोज ७चं मशीन जिवंत ठेवावंच लागतं. अशा मशीनला नवी मोठी डिस्क जोडली की ३२ बिटांची एक्सपी जीपीटी वाचू शकत नाही, तिला एकच कुलूपबंद पार्टिशन दिसतं. ते ‘काढून’ नवीन करायचा मोह होतो. करू नये. एक्सपी पार्टिशनची सुरुवातही ६३व्या सेक्टरवर करते, आजची साधनं ती २०४८वर करतात. आतून ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्कवर ६३ची सुरुवात म्हणजे प्रत्येक लिखाण दोन सेक्टरांवर अडखळणार. सेक्टरच्या आकारावरून विंडोज मिररही नाकारते, एक डिस्क ५१२ची आणि दुसरी ४०९६ची असली की. बाहेरच्या यूएसबी डब्यातली मोठी डिस्क काढून मशीनमध्ये लावली आणि पार्टिशन दिसेना, तर बऱ्याचदा कारण हेच असतं: डबा सेक्टर ४०९६चे सांगत होता, डिस्क ५१२चे सांगते, आणि टेबलातले सगळे आकडे आठपटीने चुकतात.

मापाचंही तसंच. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असावेत असा उद्योगाचा संकेत आहे आणि बहुतेक कंपन्या तो पाळतात. तरी काही मदरबोर्ड डिस्कच्या टोकाची थोडी जागा परस्पर बायोसच्या प्रतीसाठी लपवतात, आणि मिरर म्हणतो नवी डिस्क लहान पडते. एसएसडीत तर ४८०, ५०० आणि ५१२ जीबी असा तिढाच आहे. ‘५००ची द्या’ म्हटलं तर हातात ४८०ची पडू शकते. सुरुवातीलाच टोकाला १०० एमबी मोकळे सोडले तर पहिला प्रकार सुटतो, दुसऱ्याला बिल तपासणं हाच उपाय.

सात रस्त्यावरून मुंबई सेंट्रलकडे गेलं की पुढे लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या मालाचा बाजार. तिथून आणलेल्या जुन्या डिस्केत आधीच्या धन्याचं भूत असू शकतं. फॉरमॅट केल्याने शेपूट पुसलं जात नाही. कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरमधली मिररची नोंद टोकाला तशीच राहते, आणि नवं लिनक्स बसवायला घेतलं की डिस्क यादीत दिसतच नाही, किंवा ती एका अर्धवट रेडचा भाग म्हणून उभी राहते. वाइपएफएस हा प्रोग्राम नुसता चालवला तर डिस्कवर कुठेकुठे कसल्या खुणा आहेत त्याची यादी देतो, काही पुसत नाही. पुसायचं त्याला वेगळं सांगावं लागतं. त्याचं हे वागणं मला फार आवडतं.

आता सर्वांत घातक प्रकार, ज्याची सुरुवात होते नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलपासून. मदरबोर्डवरचा तो सेल संपला की बायोसच्या सेटिंगा कारखान्यातल्या स्थितीत जातात, आणि तिथे रेड बहुधा बंद असतं. सकाळी मशीन चालू करताना तारीख चुकलेली दिसते. ती दुरुस्त करून माणूस कामाला लागतो. मशीन चालू झालंच तर ते एका डिस्कवरून झालेलं असतं, दुसरी स्वतंत्र डिस्क म्हणून दिसते किंवा विंडोज तिला ओळखक्रमांकाच्या टकरीमुळे बाजूला ठेवते. दोन दिवस काम होतं. मग कुणीतरी येऊन सेल बदलतो, रेड परत चालू करतो, आणि पडद्यावर सगळं सामान्य येतं, कारण दोन्ही टोकांच्या नोंदींना या दोन दिवसांची खबरच नसते. यापुढे वाचताना कधी या डिस्कवरून, कधी त्या डिस्कवरून तुकडे येतात. फोल्डर परवाचा आणि फाइल कालची. फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्राम ते ‘दुरुस्त’ करायला बसला की उरलेलंही मातीत जातं. लिनक्समध्ये टोकाला नोंद असलेल्या मिररची एकच डिस्क सुटी माउंट करून लिहिलं, तरी हेच घडतं.

असं काही दिसलं की पहिली गोष्ट म्हणजे लिहिणं थांबवायचं. एक डिस्क काढून ठेवायची. माहिती मोलाची असेल तर डीडीरेस्क्यूने दोन्हींच्या प्रती तिसऱ्या डिस्कवर घ्यायच्या, आणि खटपट त्या प्रतींवर करायची. मग नुसतं बघायचं: सेक्टरचा आकार आणि एकूण संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, डोक्याशी कसलं टेबल आहे, शेपटाशी कुणाच्या खुणा आहेत, पार्टिशनांच्या हद्दी मिररच्या बाहेर तर जात नाहीत ना. फ्रीबीएसडी ९ आलं तेव्हा जुन्या मिररांवर नेमकं हेच उघडं पडलं होतं. मिरर डिस्कपेक्षा एका सेक्टरने लहान, पार्टिशन मात्र पूर्ण डिस्कच्या मापाचं, आणि नव्या आवृत्तीची तपासणी कडक झाल्यामुळे मशीन चालूच होईना. कोणती डिस्क ताजी, हे लिनक्सच्या नोंदीतला घटनांचा आकडा सांगतो. पण वरच्या सेलसारख्या प्रसंगात तो दोन्हीकडे सारखाच असतो, तेव्हा प्रत्येक डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडून काल केलेल्या कामाची फाइल कुठल्या डिस्कवर आहे ते शोधावं लागतं. ताजी ठरली की दुसरीवरची मिररची नोंद पुसून तिला नवी म्हणून जोडायची.

आणि कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवायचा: खाली मिरर की पार्टिशन, नोंद कुठल्या आवृत्तीची, दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर आणि कोणती कुठल्या केबलवर, सेक्टरांची संख्या, बायोसमध्ये रेड चालू की बंद. पेन्सिलीने नको.

डिस्क जोडल्यावर मिरर भरायला लागणारा वेळ साधा भागाकार आहे. १ टीबी, सेकंदाला १५० एमबी, म्हणजे दोन तासांच्या आत. ८ टीबीला पंधरा तास. त्या वेळात मशीनवर काम चाललं तर लिनक्स भरणं मंद करून कामाला वाट देतो, आणि वेळ वाढत जातो. मालकाला हे आधी सांगून ठेवावं. तो मान डोलावतो, आणि आपण जिना उतरेपर्यंत आत कुणीतरी बॅनरची फाइल उघडलेली असते.